परीक्षकांनी कारण सांगावे

२८ नोव्हेंबर २०२२च्या संध्याकाळी गोव्यात भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, म्हणजे इफ्फीचा, समारोप झाला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक मोबाइल हातोहात फिरू लागला. पडद्यावर एक परदेशी माणूस हातात कागद धरून बोलत होता. स्पर्धेतल्या पंधरा चित्रपटांपैकी चौदांबद्दल आमची काही तक्रार नाही. पंधरावा मात्र, ‘द कश्मीर फाइल्स’, पाहून आम्ही सगळे अस्वस्थ झालो, हा प्रचारपट आहे, बटबटीत आहे, अशा महोत्सवाच्या स्पर्धेत त्याला जागा नव्हती, अशा आशयाचे तो बोलला. समोर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री बसलेले.

गणित शिकवणारे आमचे सहकारी खूश होऊन म्हणाले, ‘‘अपने दिल की बात बोल दी बंदे ने.’’ कोणी तरी विचारले, ‘‘पर है कौन ये?’’ तेव्हा कळले, परीक्षक मंडळाचा अध्यक्ष, नदाव लापिद, इस्राएलचा. क्षणभर सगळे गप्प. मग गणिताचे सर म्हणाले, ‘‘चलो, अल्लाह जिससे चाहे काम ले ले.’’ हशा पिकला, घंटा झाली, आम्ही सातवीच्या वर्गावर गेलो.

तो हशा आम्हाला अजून टोचतो. आठ महिने आपण सगळे त्या चित्रपटाबद्दल घरात कुजबुजत होतो. मार्चमध्ये तो लागला तेव्हा थिएटरातल्या घोषणांचे व्हिडिओ देशभर फिरत होते. आमची तिकीट काढून आत जाऊन बसायची छाती झाली नाही, पुढे मोबाइलवर पाहिला. पाहून एक ओळ लिहिली नाही. आणि पॅरिसमध्ये राहणारा एक इस्राएली माणूस गोव्याच्या मंचावरून दोन मिनिटे बोलला, तर आपण त्याचे बोलणे आपल्या नावावर जमा करून मोकळे झालो! परीक्षक म्हणून बसणाऱ्या माणसांविषयी लिहायचे असे तेव्हाच मनात आले होते. मध्ये आणखी दोन-तीन निकाल लागले आणि आता गप्प राहणे जमेना.

परीक्षक मंडळ म्हणजे काय, हे आधी पाहू. १९५२ साली मुंबईत पहिला इफ्फी भरला तेव्हा स्पर्धाच नव्हती. १९६५ साली स्पर्धा सुरू झाली आणि अध्यक्ष म्हणून सत्यजित राय बसले. २००४पासून हा महोत्सव गोव्यात भरतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी सरकार पाच जणांना बोलावते. त्यांनी चित्रपट पाहायचे, बंद खोलीत चर्चा करायची आणि सुवर्ण मयूर कोणाला द्यायचा ते सांगायचे. २०२२च्या त्या मंडळात लापिदसोबत निर्मात्या जिंको गोतो, संकलक पास्काल शावांस, पत्रकार-माहितीपटकार हाविएर आंगुलो बार्तुरेन आणि आपल्याकडचे सुदीप्तो सेन होते. सुवर्ण मयूर मिळाला कोस्टारिकाच्या वालेंतिना मोरेल या दिग्दर्शिकेच्या चित्रपटाला. तिचे नाव आज कोणाला आठवते? पंधराव्या चित्रपटाने सगळी जागा खाल्ली.

लापिद कोण आहे हे बोलावणाऱ्यांना माहीत नव्हते काय? २०१९ साली बर्लिनचा सुवर्ण अस्वल घेतलेला हा दिग्दर्शक. ‘आहेदज नी’ या त्याच्या चित्रपटाला २०२१ साली कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळाले. त्याची गोष्टच अशी की, एका दिग्दर्शकाला वाळवंटातल्या लहानशा गावी त्याचा चित्रपट दाखवायला बोलावतात आणि संस्कृती मंत्रालयाची अधिकारी त्याच्यापुढे एक फॉर्म ठेवते: बोलताना कोणत्या विषयांवर बोलणार ते लिहून द्या, यादीबाहेर जायचे नाही. त्या फॉर्मवरून तो माणूस पेटून उठतो. ज्याने हा चित्रपट काढला, त्याला आपल्या सरकारने मंचावर माइक दिला आणि तो गोड बोलून उतरेल अशी अपेक्षा ठेवली. आमची शंका अशी की, त्याचे पुरस्कार वाचून त्याला बोलावले, चित्रपट कोणी पाहिलेच नव्हते.

मग जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. इस्राएलच्या राजदूतांनी दुसऱ्याच दिवशी खुले पत्र लिहून आपल्याच देशबांधवाला झापले. भारतात पाहुण्याला देव मानतात आणि तू त्या पाहुणचाराचा अपमान केलास, असा त्यांचा सूर. आमचे भांडण इथूनच सुरू होते. परीक्षक हा पाहुणा आहे काय? आम्ही दहावीच्या बोर्डाचे पेपर तपासतो. शाळेचा चहा आम्हीही पितो. पण चहा पाजला म्हणून गुण वाढवा, असे आजवर कोणी तोंडावर म्हटलेले नाही. ज्या दिवशी परीक्षकाला पाहुणा म्हणायला सुरुवात होते, त्या दिवशी त्याच्या गुणांची किंमत चहापाण्याइतकी उरते. लापिदवर राग काढणाऱ्यांनी महोत्सवाची अब्रू राखतो आहोत असे समजून सुवर्ण मयूराचीच अब्रू घालवली. उद्या गोव्यात कोणी कशालाही बक्षीस दिले तरी बाहेरचा माणूस विचारेल, दिले की द्यावे लागले?

आता सुदीप्तो सेन. लापिदचे म्हणणे त्याचे वैयक्तिक आहे, मंडळाचे नाही, असे त्यांनी लगेच जाहीर केले. परीक्षक चित्रपटाची तांत्रिक बाजू, सौंदर्य आणि सामाजिक-सांस्कृतिक महत्त्व पाहतो, राजकीय शेरे मारत नाही, असाही खुलासा केला. सामाजिक-सांस्कृतिक महत्त्व पाहायचे, हे त्यांनीच कबूल केलेले. मग एखादा चित्रपट शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध उभा करतो की नाही, हा प्रश्न त्यात येतो की येत नाही? तो विचारला की राजकारण, आणि न विचारता चित्रपट स्पर्धेत घातला की कला. हा कुठला न्याय?

बाकीच्या तिघांनी चार-पाच दिवसांनी निवेदन काढले: अध्यक्ष बोलले ते आमचेही मत होते, मात्र आम्ही राजकीय भूमिका घेत नाही, हे फक्त कलाविषयक मत आहे. धीर केला, याबद्दल त्यांचे ऋण मानू. पण तेही शेवटी त्याच वाक्यामागे जाऊन उभे राहिले. आणि स्पष्टच लिहायचे तर लापिदविषयीही आमची तक्रार आहे. प्रचारपट, बटबटीत, हे दोन शब्द म्हणजे मूल्यमापन नव्हे. उत्तरपत्रिकेवर लाल शाईने ‘असमाधानकारक’ लिहून गुण न देणारा परीक्षक आम्ही पाहिला आहे. त्याच्याविरुद्ध विद्यार्थी पुनर्मूल्यांकनाला गेला की नियामक विचारतो, कुठे चुकले ते दाखवा. लापिदने दाखवले नाही. कोणते दृश्य, कोणता संवाद, का? ते सांगितले असते तर राजदूतांना पाहुणचाराची ढाल पुढे करता आली नसती. दृश्याला उत्तर द्यावे लागले असते.

मग कोणी तरी ते सांगायला हवे ना? आम्ही सांगतो. पण आधी आपले घर झाडून घेऊ.

१९९०मध्ये काश्मिरी पंडितांना आपले घर, आपली खोरी सोडून जावे लागले. माणसे मारली गेली. जम्मू-काश्मीर सरकारने २०१० साली विधानसभेत १९८९ ते २००४ या काळात मारल्या गेलेल्या पंडितांचा आकडा २१९ असा दिला. आकड्यावर वाद आहेत, मरणावर नाही. २००३ साली नादीमर्ग गावात २४ जणांना रात्री घराबाहेर काढून गोळ्या घातल्या, त्यांत बायका होत्या, मुले होती. या विषयावर आपल्या मराठी मुसलमान लेखकांनी किती लिहिले? आमच्या माहितीत बोटांवर मोजण्याइतकेही नाही. गुजरातेवर कविता लिहिल्या, मुंबईच्या दंगलीवर लिहिल्या, लिहायलाच हव्या होत्या. पण जम्मूच्या छावणीत तंबूत राहणाऱ्या म्हातारीवर एक कथा लिहायला आपल्याला कोणी अडवले होते? ती आपण लिहिली असती, तर हा विषय अशा दिग्दर्शकाच्या हाती एकट्याने पडला नसता. हे काहींना झोंबेल. झोंबू द्या.

आता चित्रपट. जवळपास पावणेतीन तास तो चालतो. एवढ्या वेळात शेजाऱ्यासाठी दार उघडणारा, लक्षात राहील असा एकही मुसलमान त्यात नाही. लहान पोर आहे ते घोषणा देते, म्हातारा आहे तो दगा देतो. १९९०च्या एप्रिलमध्ये काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू मुशीर-उल-हक यांना दहशतवाद्यांनी पळवून नेले आणि मारले. ते इस्लामचे नामांकित अभ्यासक होते. त्याच वर्षी मे महिन्यात मीरवाइज मौलवी फारूख यांना त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. या मरणांची आठवण ठेवणारा प्रसंग आम्हाला चित्रपटात दिसला नाही. का नाही? कारण तो असता तर मारणारा आणि मरणारा यांच्यात मजहबाची सरळ रेघ ओढता आली नसती. पंडितांचे दुःख खरे आहे, त्या दुःखाचे सरपण केले आहे. परीक्षकाने सांगायचे ते हे. यात राजकारण किती आणि कला किती, ते ज्याने त्याने मोजावे. आम्हाला ते वेगळे काढता येत नाही. पात्राला माणूस म्हणून उभे करता न येणे हा कलेतलाच दोष आहे.

राष्ट्रीय पुरस्कारांकडे येऊ. तिथे सगळे परीक्षक आपलेच असतात, त्यामुळे पाहुण्याचा मुद्दाच नाही.

‘गर्म हवा’ आपल्यापैकी ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी हे वाचणे थांबवून आधी तो पाहावा. मूळ कथा इस्मत चुगताईंची, पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदींची, दिग्दर्शक एम. एस. सथ्यू. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेला चपलांचा कारखानदार सलीम मिर्झा. बलराज साहनींचे शेवटच्या काळातले काम. सेन्सॉरने तो कित्येक महिने अडवला होता, दंगे होतील म्हणून. दंगे झाले नाहीत. १९७३चा राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. पुढे या पुरस्काराला नर्गिस दत्त यांचे नाव दिले गेले. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायका अजून त्यांना ‘मदर इंडिया’ म्हणूनच ओळखतात. ‘जख्म’, ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’ हे याच पुरस्काराचे मानकरी. आपल्या मराठीतला, नियाज मुजावर यांनी दिग्दर्शित केलेला ‘ताजमाल’ हाही. २०२१मध्ये जाहीर झालेल्या यादीत त्याचे नाव होते. किती जणांनी तो पाहिला, किती जणांनी त्याच्याविषयी लिहिले? आम्ही स्वतःही उशिराच ऐकले, तेव्हा हा प्रश्न स्वतःलाही आहे.

आणि २४ ऑगस्ट २०२३ला हाच नर्गिस दत्त पुरस्कार, राष्ट्रीय एकात्मतेसाठी, ‘द कश्मीर फाइल्स’ला जाहीर झाला! पुढच्याच पुरस्कारांपासून नर्गिस यांचे नाव त्यावरून काढून टाकण्यात आले. म्हणजे त्या नावाने दिला गेलेला शेवटचा मान तो. चित्रपट विभागाच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते केतन मेहता. ‘भवनी भवाई’ काढणारे केतन मेहता. अस्पृश्यतेवरच्या त्या गुजराती चित्रपटाला याच राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला होता. त्यांना फक्त एवढेच विचारायचे आहे: सलीम मिर्झाची आणि या चित्रपटाची एकात्मता एकच कशी? कोणत्या मोजपट्टीने? तुमचे उत्तर असेल, ते आम्हाला पटेलही. पण ते आहे कुठे? यादीत पुरस्काराच्या नावापुढे चित्रपटाचे नाव असते, खाली कौतुकाची एखादी ओळ असते. त्या ओळीने गावच्या ग्रामपंचायतीचा ठरावसुद्धा मंजूर होणार नाही.

पुढचा निकाल १ ऑगस्ट २०२५चा. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक: सुदीप्तो सेन, चित्रपट ‘द केरला स्टोरी’. परीक्षक राजकीय शेरे मारत नाही असे गोव्यात सांगणारे तेच. बत्तीस हजार मुलींचे धर्मांतर झाल्याचा दावा ज्याच्या जाहिरातीत होता, तोच हा चित्रपट. १८ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयात निर्मात्यांना मान्य करावे लागले की या आकड्याला विश्वासार्ह आधार नाही आणि तसे पडद्यावर लिहू. आमच्या सातवीच्या मुलाने भूगोलाच्या पेपरात गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या मनाने ठोकून दिली तर आम्ही त्याचे गुण कापतो. इथे गुण वाढले.

या मंडळाचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर. आपला मराठी माणूस, ‘लगान’मध्ये इस्माईलला संघात घेणारा, ‘जोधा अकबर’ काढणारा. त्यांचे एक मान्य केले पाहिजे, त्यांनी निदान कारण दिले. अवघड विषय स्पष्टपणे मांडला, चित्रीकरण वास्तवाला धरून होते, अशा अर्थाचे ते निकालानंतर बोलले. आम्हाला हे कारण अजिबात पटत नाही, पण कारण समोर आहे म्हणून भांडता येते: स्पष्टता हा गुण खरा, पण खोटी गोष्ट स्पष्टपणे सांगितली तर? आणि त्याच मंडळात केरळचे प्रदीप नायर होते. आपण एकट्याने विरोध केला, हा प्रचारपट आहे असे खोलीत सांगितले, बाकीच्यांना पटले नाही, असे त्यांनी नंतर उघडपणे सांगितले. लापिदसाठी टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या किती जणांना प्रदीप नायर हे नाव माहीत आहे? त्या माणसाला विमान पकडून परत जायचे नव्हते. त्याला याच देशात, याच धंद्यात राहायचे आहे.

याच्या शेजारी दुसरा चित्रपट ठेवून पाहा. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वुई इमॅजिन अॅज लाइट’, २०२४ साली कानमध्ये ग्रां प्री मिळवणारा. त्यातही मल्याळी मुली आहेत, नर्सचे काम करणाऱ्या, मुंबईत. त्यांच्यापैकी एकीचे शियाज नावाच्या मुसलमान पोरावर प्रेम आहे. दोघांना निवांत बसायला जागा मिळत नाही, एवढीच त्यांची अडचण. त्यांच्यासोबत रत्नागिरीकडची एक बाई आहे, छाया कदम यांनी केलेली, मुंबईतले राहते घर सोडावे लागलेली. केरळची नर्स आणि मुसलमान मुलगा. एकाच कच्च्या मालातून दोन वस्तू निघाल्या. एकीवर कानच्या परीक्षकांनी हात ठेवला, दुसरीवर आपल्या. आपल्या फिल्म फेडरेशनच्या तेरा जणांच्या समितीने त्या वर्षी ऑस्करसाठी हा चित्रपट निवडला नाही, दुसरा निवडला. त्या तेरांत एकही बाई नव्हती. निवडलेला चित्रपट बायकांवरचा होता हे खरे, आणि आम्हाला तो आवडलाही. पण तेरा पुरुषांनी बसून ते ठरवावे, हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

मुसलमान परीक्षक बसला म्हणजे सगळे ठीक होते काय? तसा आमचा दावा नाही. २०१७च्या इफ्फीत आंतरराष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष ‘उमराव जान’वाले मुजफ्फर अली होते. त्याच वर्षी भारतीय विभागाच्या तेरा परीक्षकांनी निवडलेले दोन चित्रपट मंत्रालयाने परस्पर यादीतून काढले: सनलकुमार शशिधरन यांचा मल्याळी ‘एस दुर्गा’ आणि आपल्या रवी जाधवांचा ‘न्यूड’. ‘न्यूड’ने तो विभाग उघडणार होता. अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला, आणखी दोघे बाहेर पडले. केरळ उच्च न्यायालयाने ‘एस दुर्गा’ दाखवा म्हणून सांगितले, परीक्षकांनी पुन्हा पाहून बहुमताने होकार दिला, तरी सेन्सॉरचा नवा मुद्दा काढून तो दाखवला गेलाच नाही. आंतरराष्ट्रीय मंडळाच्या खुर्चीतून त्या आठवड्यात या प्रकाराबद्दल एखादे वाक्य यावे, अशी आमची इच्छा होती. आमच्या कानी आले नाही. नावात काही नसते, ते असे.

पण मुजफ्फर अलींना विचारण्याचा आम्हाला काय अधिकार? हे विचारले पाहिजे, कारण आम्हीही त्या खुर्चीत बसून आलो आहोत. फार लहान खुर्ची होती, तालुक्याची.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुकास्तरीय वक्तृत्व स्पर्धा होती. दोन परीक्षक मराठी शाळांतले, तिसरे आम्ही. उर्दू शाळेचा एक असावा म्हणून आम्हाला बोलावले होते, हे आम्हालाही कळत होते, त्यांनाही. सातवीतली एक मुलगी उभी राहिली. काय बोलली! आवाज, चढउतार, थांबण्याच्या जागा, सगळे पाठ आणि सगळे जिवंत. झाडीपट्टीत वाढलेल्या पोरांना रंगमंच शिकवावा लागत नाही; दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटके चालतात, आईच्या मांडीवर बसून पाहिलेली ही मुले. विषय होता शिवराय. तीन मिनिटांत ती अफजलखानावर आली, चौथ्या मिनिटाला अफजलखान संपून ‘ते’ सुरू झाले. ते असेच असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवला की पाठीत खंजीर, आजही आपल्या गल्लीत... सभागृहात टाळ्या. महाराजांच्या तोफखान्यावर, आरमारावर, दफ्तरात असलेले मुसलमान त्या भाषणात कुठेच नव्हते. भाषण कोणी तरी मोठ्याने लिहून दिले होते, हे उघड होते. मुलीचा काही दोष नव्हता.

आमच्या हातात गुणपत्रिका. उच्चार १०, हावभाव १०, विषयाची मांडणी १०. मांडणीच्या रकान्याशी पेन थांबला. चार द्यावेत असे वाटले. मग वाटले, तिन्ही गुणपत्रिका संयोजक शेजारी ठेवतील, दोघांचे नऊ आणि आमचे चार, आणि कोणी तरी म्हणेल, मुसलमान मास्तर आहे, लागले त्याला. आम्ही नऊ लिहिले. मुलगी पहिली आली. बक्षीस घेऊन उतरताना तिने तिन्ही परीक्षकांच्या पाया पडल्या. आमच्याही. ‘‘सर, कसं झालं?’’ असे विचारले. आम्ही म्हणालो, ‘‘छान.’’

त्या नऊ गुणांची तक्रार आम्ही कोणाकडे करावी? संयोजकांनी काही सांगितले नव्हते, कोणी धमकावले नव्हते. आम्ही स्वतःच ठरवले की आपले चार गुण मुसलमानाचे चार धरले जातील, परीक्षकाचे नाही. यातून सुटायचा मार्ग तेव्हा समोर होता आणि सुचला नाही: चार लिहायचे आणि खाली दोन ओळींत कारण लिहायचे. महाराजांच्या सैन्यातले मुसलमान वगळून मांडणी अपुरी झाली, एका माणसाच्या कृत्यावरून सर्वांविषयी निष्कर्ष काढला, म्हणून गुण कमी. हे कारण कोणत्याही इतिहासाच्या शिक्षकाला मान्य करावे लागले असते. दुसऱ्या दोघांपैकी एक जण इतिहासच शिकवत होते!

दहावीच्या मुलाला आज बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन मागता येते. तपासणाऱ्याला एकेका गुणाचा हिशोब द्यावा लागतो. जनतेच्या पैशातून चाळीस लाखांचा सुवर्ण मयूर देणाऱ्या, राष्ट्रपतींच्या हातून पदके देवविणाऱ्या मंडळांना मात्र कसलाच हिशोब नाही. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक परीक्षकाने आपले मत सहीनिशी, कारणासह लिहून द्यावे, आणि निकालासोबत ते छापावे. ज्यांनी विरोध केला त्यांचेही. न्यायाधीश लिहितात ना, अल्पमताचा निकालही लिहितात. प्रदीप नायर खोलीत काय बोलले हे आम्हाला बातमीतून का कळावे? ज्याला लिहून द्यायची भीती वाटते त्याने खुर्चीवर बसू नये. मंत्रालयाने यादीतून नाव काढले तर त्यानेही सही करून कारण द्यावे.

काही म्हणतील, मास्तर, कोण वाचणार ते? मुले वाचतील. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या चित्रपटांसाठी मुलांचेच परीक्षक मंडळ असते. २०१४ साली त्या मुलांनी आपल्या अविनाश अरुण यांच्या मराठी ‘किल्ला’ला स्फटिक अस्वल दिला. कोकणात बदलून आलेल्या आईच्या मुलाची गोष्ट जर्मनीतल्या पोरांना कळली. त्याच बर्लिनमध्ये २०११ साली मुख्य मंडळात आमिर खान बसले होते आणि त्यांच्या सोबतची एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली होती, इराणच्या जाफर पनाहींची. त्यांना त्यांच्या सरकारने शिक्षा ठोठावून देशाबाहेर जाऊ दिले नव्हते. चौदा वर्षांनी, मे २०२५मध्ये, पनाही स्वतः कानला आले आणि त्यांना सर्वोच्च पारितोषिक देणाऱ्या मंडळात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया होत्या.

आपल्याकडे अजून चित्रपट म्हणजे लहव-ओ-लअब, वेळेची नासाडी, म्हणून मुलांना त्यापासून दूर ठेवणारी घरे आहेत. आम्ही अशाच घरातले. ठीक आहे, पाहू नका. पण मग पडद्यावर आपल्याविषयी काय दाखवले याची तक्रारही करू नका, आणि इस्राएली माणसाच्या भाषणावर टाळ्याही वाजवू नका. गेल्या वर्षापासून आम्ही आठवीच्या मुलांना शाळा सुटल्यावर महिन्याला एक चित्रपट दाखवतो, शाळेच्या जुन्या प्रोजेक्टरवर. पाहून झाले की प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे आणि तीन ओळी लिहायच्या, का दिले. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, हिंदीत लिहा. ‘किल्ला’ला एका मुलाने तीन दिले. का, तर शेवटी तो मुलगा मित्रांना सोडून जातो म्हणून. आम्ही समजावले, वाद घातला, पण तीनच राहिले. त्याने कारण दिले होते.

यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेचे पत्र परवा आले आहे. परीक्षकांच्या यादीत पुन्हा आमचे नाव आहे, तिसरे. गुणपत्रिकेचा नमुनाही सोबत जोडला आहे. उच्चार, हावभाव, मांडणी, एकूण. आम्ही संयोजकांना फोन करून म्हटले, शेवटी शेऱ्याचा एक रकाना वाढवा. ते म्हणाले, ‘‘सर, कशाला? आधीच कागद पुरत नाही.’’ आम्ही म्हटले, पाठीमागे कोरी बाजू आहे, तिथे लिहू.